शिवी नसेल तर अडव

त्या दिवशी सकाळी यांनी मला विचारलं, "अगं, 'उलट्या काळजाचा' याला काय घालू?"

मी धुतलेले कपडे घडी करत बसले होते. म्हटलं, "'हळव्या काळजाचा' घाला."

"वा, बसतंय." यांनी टाईप केलं, मान डोलावली, परत वाचून बघितलं. "'हळव्या काळजाच्या माणसा, शिडी तुझ्या डोक्यात पडो.' मागचं अर्धं अजून कडक आहे."

"मग 'डोक्यात पडो' काढा, 'डोक्यावर राहो' घाला."

"डोक्यावर शिडी राहो? हा काय आशीर्वाद झाला?"

"तुमच्या घरात याहून मोठा आशीर्वाद कुणी कुणाला दिलाय का?"

हे हसले. तेवढ्यात टेबलाखालची पेटी टिंग करून वाजली. ती कधीतरीच वाजायची. हे म्हणाले, "आता काय अडकलं," आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावर होता. मी सांगितलं, कपाळावर आहे. हात वर नेला यांनी, पण चष्म्यापर्यंत पोचला नाही, मधेच छातीवर आला. मला वाटलं मस्करी चाललीय. मग तोंडावरचा रंग बघितला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्यावेळी काय करत होते, काही जड उचललं का, काही टेन्शन होतं का. मी म्हटलं, नाही हो, शिव्या गोड करत होते. त्यांनी तेवढं लिहून घेतलं नाही. दुपारी त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती यांनी.

मला लिहायची सवय नाही. सातवीनंतर शाळा सुटली. बोलते तसं टाईप करतेय. यांच्या ऑफिसातली एक मुलगी आहे, तिला सगळे खिळा म्हणतात कारण एकदा खुर्चीत बसली की उठत नाही. ती म्हणाली, वहिनी, तुम्ही त्यांच्याबद्दल लिहून द्या, आम्हाला नुसतं त्यांचं काम माहीत आहे, माणूस तुम्हाला माहीत आहे. आता यांचा माणूस आणि यांचं काम वेगळं करायचं म्हणजे दुधातलं पाणी काढायचं. तरी बघते.

यांचं काम काय, ते मला पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं. माहेरी विचारायचे, जावई काय करतात. मी सांगायची, कॉम्प्युटरमध्ये आहेत. मग एकदा मीच खनपटीला बसले. हे म्हणाले, "हे बघ, तू फोनवर एखादी वेबसाईट उघडतेस तेव्हा काय होतं? तुझा फोन एक चिठ्ठी लिहितो. ती चिठ्ठी लांब कुठल्यातरी सर्व्हरकडे जाते. तो उत्तराची चिठ्ठी पाठवतो. बरोबर? मी मधे उभा राहतो. चिठ्ठी अडवतो, उघडतो, आत खाडाखोड करतो, परत बंद करून पुढे पाठवतो. आणि बघतो समोरचा फसतो का."

"आणि याचा पगार देतात?"

"वेबसाईटवालेच देतात. दार नीट लागतंय का बघायला चोर ठेवलाय पगारावर."

मधे उभं राहणारा जो प्रोग्राम, त्याला प्रॉक्सी म्हणतात. आणि प्रत्येक चिठ्ठी हाताने बदलत बसायला नको म्हणून त्याला आधीच लिहून ठेवायचं, असं दिसलं की तसं कर. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. ऑफिसात यांना टपाल म्हणायचे.

एकदा एका खुर्च्यांच्या दुकानाची वेबसाईट तपासत होते. तीन खुर्च्या मागवल्याची चिठ्ठी अडवली, तीनच्या आधी उणे टाकलं आणि सोडली. उणे तीन खुर्च्या. वेबसाईटने 'धन्यवाद' म्हटलं. आता हे करायचं होतं दुकानाने तपासायला दिलेल्या खोट्या वेबसाईटवर, आणि यांनी केलं खऱ्या वेबसाईटवर, दुसरी खिडकी उघडी होती म्हणून. पत्ता आमच्या घरचा. दोन दिवसांनी टेम्पो आला.

टेम्पोवाला म्हणाला, "तीन खुर्च्या न्यायच्यात."

मी म्हटलं, "आम्ही मागवल्या नाहीत."

"मागवलेल्या आणायला नाही आलो बाई. उणे तीन आहेत. म्हणजे तुमच्याकडून न्यायच्या. सही करा."

मी समजावतेय, तो कागद दाखवतोय. शेवटी आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, आतून आले, म्हणाले, "माणूस चार मजले चढून आलाय, त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये." आणि घरातली एक मोडकी खुर्ची, एक स्टूल आणि बाहेर पॅसेजमध्ये काकांची खुर्ची होती ती उचलून दिली. दुकानाकडून मेसेज आला, आमच्या खुर्च्यांबद्दल आपला अनुभव कसा होता.

काका म्हणजे माझे चुलत सासरे. मामंजींचे धाकटे भाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे एक भिंत. आणि आता ती शिडी आलीच.

यांचे आजोबा घरं रंगवायचे. त्यांच्या मागे राहिली एक लाकडी शिडी. दोन मुलगे, एक शिडी. वाटणीत शिडीचा कुणी विचारच केला नव्हता. एक दिवस काकांनी पॅसेजमधला बल्ब बदलायला ती बाहेर आणली, दोन दारांच्या मधे लावली, आणि मामंजी म्हणाले, "माझी शिडी न विचारता घेतलीस?" काका म्हणाले, "तुझी कधी झाली?" झालं. दोघांनी जाहीर केलं की ज्याची शिडी नाही त्याने तिला हात लावायचा नाही. मग दोघांपैकी कुणीच हात लावेना, कारण लावला आणि दुसऱ्याने हटकलं तर कमीपणा. शिडी उभी राहिली तिथेच. बल्बही बदलायचा राहिला. कित्येक वर्षं आमच्या मजल्यावर अंधार, आणि त्या बंद बल्बच्या बरोबर खाली शिडी. येणारेजाणारे फोनचा टॉर्च लावून शिडीला वळसा घालून जायचे. मामंजी म्हणाले होते, याच्याशी तोंडाने एक शब्द बोलणार नाही. काका म्हणाले, मीही. दोघांनीही शब्द पाळला. त्या बाबतीत घराणं शब्दाचं पक्कं.

तोंडाने नाही म्हणून मग बोटाने सुरू झालं. आमच्या बिल्डिंगचं एक पान आहे इंटरनेटवर, तिथे पाणी कधी येणार, लिफ्ट का बंद, असलं लिहितात. त्यावर दोघे भांडायला लागले. मामंजी एका बोटाने टाईप करायचे आणि करता करता मोठ्याने म्हणायचे. "ना-ला-य-का. स्पेस. शि-डी. उ-चल." मी स्वयंपाकघरात ऐकत असायची. सगळी बिल्डिंग वाचायची. माणसं आमच्याशी बोलायची बंद झाली. काकांना एकदा चक्कर आली ती मामंजींचं लिहिणं वाचून. मामंजींचं ब्लडप्रेशर तर काकांच्या नावावरच होतं म्हणा ना.

यांचा जीव दोन्हीकडे. आई लवकर गेली यांची, काकूने अर्धं वाढवलेलं, काकूही गेली. आम्हाला मूलबाळ नाही. काकांची लेक लांब दिलेली. म्हणजे दोन म्हाताऱ्यांत मिळून हे एकटेच.

तर यांनी टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर ठेवला. पेटी म्हणायचो आम्ही तिला. कायम घरघरत असायची. आमच्या घरचं इंटरनेट त्या पेटीतून जायचं, आणि भिंतीला भोक पाडून काकांकडे वायर दिलेली, त्यांचंही त्याच पेटीतून. काकांना वाटायचं पुतण्याने बापाच्या चोरून आपल्याला फुकट दिलंय, त्यामुळे ते खूष. दोघांच्या फोनमध्ये यांनी आपलं काहीतरी ओळखपत्र घालून ठेवलं, नाहीतर म्हणे फोन चिठ्ठी उघडू देत नाही. आणि पेटीत प्रॉक्सी, आणि प्रॉक्सीत स्क्रिप्ट. शिवी आली की काढ, गोड शब्द घाल, पुढे पाठव.

मी म्हटलं, "अहो, दुसऱ्याची पत्रं उघडणं पाप आहे."

"दुसऱ्याची कुठे, बापाची आहेत."

"आणि काकांची?"

"तेही बापच."

मग मीच मदत करायला लागले. 'गाढवा'ला 'भावा'. 'बिनडोक'ला 'भोळा'. 'थेरड्या'ला 'दादा'. 'चोर'ला यांना काही सुचेना, मी म्हटलं 'होतकरू' घाला. आमच्या संसारात दुसरे लोक सिनेमाला जातात तसं आम्ही संध्याकाळी शिव्यांना शब्द शोधत बसायचो. आणि यातली खुबी अशी की ज्याने लिहिलं त्याला त्याचं लिहिलेलं तसंच दिसायचं, शिवीसकट. बाकी सगळ्या जगाला गोड. पानाची चिठ्ठी परत येताना पेटी ओळखायची हा कुणाचा फोन आहे, आणि त्याला त्याच्या शिव्या परत लावून द्यायची. म्हणजे मामंजींना वाटायचं आपण हाणतोय आणि समोरचा नरमलाय. काकांनाही तेच.

मामंजी मला फोन दाखवून म्हणायचे, "बघ सूनबाई, मी काय लिहिलंय आणि तो काय लिहितोय. 'दादा, शिडी तिथेच राहील.' दादा म्हणतोय. दबावात ठेवलं की माणूस सुधारतो."

सुरुवातीला गोंधळ झाले. जिन्यात एक भटका कुत्रा यायला लागला होता. स्क्रिप्टमध्ये 'कुत्रा'ला 'मित्र' घातलेलं. मामंजींची तक्रार गेली, "जिन्यात एक मित्र फिरतोय. दिसेल त्याच्या अंगावर जातो. वॉचमनने त्याला दोरीने बांधून लांब सोडून यावं." वॉचमन वर आला आणि विचारायला लागला, साहेबांचे मित्र कोणते, अंगात काय घातलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, एवढं वाईट वाटतंय तर बोलावू नये ना मित्राला. यांनी त्याच दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून स्क्रिप्ट सुधारली. कुत्रा एकटा असेल तर कुत्रा, वाक्यात काका असतील तर मित्र.

हळूहळू आमच्या घराची कीर्ती पसरली. भांडावं तर या दोन भावांसारखं, असं लोक पोरांना सांगायला लागले. मुद्दा सोडत नाहीत पण तोंडातून वावगा शब्द नाही. बिल्डिंगच्या वार्षिक सभेत दोघांना सौजन्याचं मानपत्र द्यायचं ठरलं. आम्हाला सभेतच कळलं. मी यांच्याकडे बघितलं, हे घामाने निथळत होते. कारण सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, नमुना म्हणून दोन ओळी वाचतो. आणि वाचल्या. "भोळ्या भावा, तुझ्यासारखा होतकरू माणूस मी पाहिला नाही. शिडी माझी आहे." मामंजींनी लिहिलेलं काय होतं ते तुम्ही मघाचे शब्द लावून बघा.

मी म्हटलं, संपलं. मामंजी उठले, मानपत्र घेतलं, खाली आले, आणि माझ्या कानात म्हणाले, "सेक्रेटरी भित्रा आहे. वाचताना शब्द बदलले. पण मानपत्र मात्र स्पष्टवक्तेपणाचं द्यावंच लागलं त्याला." काकाही आपलं मानपत्र छातीशी धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरही तेच.

घरी येऊन हे पोट धरून हसले. मग म्हणाले, "अगं, माझं एक कळत नाही. यातून ते जवळ येतायत का नुसते शांत झालेत?" मी म्हटलं, शांत झालेत हे काय कमी आहे.

आता त्या टिंगचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. प्रॉक्सीत अशी सोय असते की चिठ्ठी आपोआप पुढे न सोडता अडवून धरायची. माणूस येऊन बघेल, बटण दाबेल, तेव्हाच ती जाणार. यांनी स्क्रिप्टमध्ये शेवटी एक ओळ घातली होती. मामंजींच्या किंवा काकांच्या मेसेजमध्ये ओळखीची एकही शिवी सापडली नाही, तर अडव आणि टिंग वाजव. कारण हे म्हणायचे, शिवी नाही असं आमच्याकडे होऊच शकत नाही. शिवी सापडली नाही याचा अर्थ नवीन शिवी आलीय, स्क्रिप्टला माहीत नाही. आणि खरंच, जेव्हा जेव्हा टिंग वाजलं तेव्हा नवीन शिवीच निघाली. एकदा मामंजींनी 'पालथा घडा' लिहिलं होतं तेव्हा, एकदा काकांनी 'गंजका खिळा' लिहिलं तेव्हा. ऑफिसातल्या खिळ्याला ते सांगितल्यावर ती रुसली होती.

हे गेले. पहिल्या दिवशी घर माणसांनी भरलं. कुणीतरी आणलेला पंखा लावायला प्लग हवा होता, शेजारचा एकजण टेबलाखाली वाकून पेटीची वायर काढायला लागला. मी ओरडलेच. म्हटलं ती घरघर राहू दे. मला काही माहीत नव्हतं आत काय आहे. यांचं घोरणं बंद झालं, निदान ती तरी चालू दे, एवढंच मनात होतं. पंखा नाही लागला.

काका सगळ्यात होते. पुढे होऊन सगळं केलं त्यांनी, माणसांना कळवलं, गाडीचं बघितलं, मामंजींच्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पण दोघांत शब्द नाही. मामंजींना पाणी हवं होतं तर काकांनी ग्लास भरून माझ्या हातात दिला, मी मामंजींना दिला. एवढ्या माणसांत मला हसू आलं. यांचीच जागा मला दिली म्हटलं, मधली.

त्यानंतर मामंजी फोन हातात घेऊन बसून राहायला लागले. पान उघडायचं, बघायचं, बंद करायचं. मी विचारलं, "काय बघताय?"

"त्याने उत्तर दिलं नाही."

"कशाला?"

"लिहिलं होतं काहीतरी. त्या दिवशी सकाळी."

मग मला आठवलं. त्या सकाळी मामंजी आतल्या खोलीत टाईप करत होते, पण तोंडाने काही म्हणत नव्हते. एरवी शिवी शिवी ऐकू यायची. त्या दिवशी नुसतं बोटाचं टकटक. मला वाटलं आता इतकी भयंकर लिहीत असतील की बोलवत नाही.

"काय लिहिलं होतंत?"

"काही नाही. गेलं ते. गोल गोल फिरत होतं, मग पान कोरं झालं. गेलं असणार. त्याने वाचलंय आणि गप्प बसलाय. बसू दे."

पलीकडे काका खोकी भरत होते. भिंतीतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज यायचा, चर्र, चर्र. मी गेले तर म्हणाले, "सूनबाई, मी लेकीकडे जातोय. कायमचा."

"का हो काका? आता या वेळी?"

"याच वेळी. इथे मला कोण आहे? होता तो गेला. एवढं आभाळ कोसळलं, मी आपण होऊन दोन ओळी लिहिल्या तुझ्या सासऱ्याला. साधं उत्तर नाही."

"काय लिहिलंत?"

"लिहिलं होतं काहीतरी."

मी घरी येऊन कपाळाला हात लावला. म्हटलं, घरात सुतक आणि दोघांनी मिळून एकमेकांना काय काय लिहिलं असेल. देवा, बरं झालं पेटी चालू आहे, गोड होऊन गेलं असेल. आणि गोड होऊन गेलं तर मग रुसलेत कशाला, हे काही कळेना.

काकांचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी खिळा आली, ऑफिसचा लॅपटॉप न्यायला. टेबलापाशी बसली. पेटीचा स्क्रीन मी इतके दिवस लावलाच नव्हता, तिने लावला. बघत राहिली.

"वहिनी, यात दोन मेसेज अडकलेत."

"शिव्या असतील नव्या."

"नाही," ती म्हणाली, "शिव्या नाहीत." आणि सरकून मला जागा दिली.

एकावर त्या सकाळची वेळ होती. मामंजींचा. "शिडी तू घे. मला आता चढवत नाही. खालून दुसरी पायरी सैल आहे, पाय जपून ठेव."

दुसरा काकांचा, हे गेल्यानंतरचा; त्याचं टिंग माणसांच्या गर्दीत मला ऐकूच आलं नसणार. "दादा, पोरगा आपल्या दोघांचा होता. मी भिंतीला कान लावून बसतो, तुझा आवाज येत नाही. हल्ली तू फार गोड लिहितोस, परक्यासारखा. पूर्वीसारखी एक सणसणीत शिवी दे म्हणजे मला कळेल पलीकडे कुणी आहे."

मी दोनदा वाचलं. खिळा माझ्याकडे बघत नव्हती, लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, उलगडत होती. मला वाटलं हे असते तर काय म्हणाले असते. कपाळावरून चष्मा खाली घेतला असता आणि म्हणाले असते, अगं, आपण इतकी वर्षं सगळ्या शिव्या सोडत गेलो आणि नेमकं हे धरून बसलो. शिव्यांना पेटीने कधी अडवलं नाही. अडवलं ते एवढंच.

यांचा राग आला का मला? आला. थोडा. मग वाटलं, यांना तरी काय माहीत, या घरात असलं काही येईल म्हणून. यांनी चाळीस वर्षं ज्यांना ऐकलं त्यांच्यावरून स्क्रिप्ट लिहिली. चूक स्क्रिप्टची नाही, अनुभवाची.

खिळा म्हणाली, "हे फार जुने झालेत, पण पेटी चालू होती म्हणून अजून आहेत. बंद केली असती तर गेले असते. सोडता येतील. आधी काही बदलायचं असेल तर इथे क्लिक करून बदला."

बदलायचं तसं बरंच होतं. मामंजींच्या ओळीत 'लाडक्या' घालता आलं असतं. काकांच्या ओळीतलं 'परक्यासारखा' काढता आलं असतं, म्हातारा माणूस, जिव्हारी लागेल. हात कीबोर्डपर्यंत गेलाही. इतक्या वर्षांची सवय. मग म्हटलं, नको.

"कुठलं बटण?"

तिने दाखवलं. मी आधी मामंजींचं सोडलं. मग काकांचं.

"आणि आता स्क्रिप्ट बंद कर."

"नक्की? सगळं जसंच्या तसं जाईल मग."

"जाऊ दे."

आतल्या खोलीत मामंजींचा फोन वाजला. भिंतीपलीकडे काकांचा. चिकटपट्टीची चर्र बंद झाली. पेटी घरघरत होती. मामंजींच्या खोलीतून काही आवाज नाही, काकांकडून काही आवाज नाही. मला वाटलं, दोघांना एकदम काही झालं तर मी कुणाकडे आधी धावू.

मग काकांचं दार उघडलं. पॅसेजमध्ये चपला फरफटत आल्या, आमच्या दाराशी थांबल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडाने आवाज आला. "थेरड्या. सैल पायरी आहे हे आत्ता सांगतोस? इतकी वर्षं पोरंबाळं वळसा घालून जातायत इथून."

खिळा दचकली. मी तिचा हात धरला.

मामंजी बाहेर आले. डोळे लाल. म्हणाले, "दुसरी आहे, बिनडोका, खालून दुसरी. वरून मोजशील."

"मला मोजता येत नाही?"

"तुला शाळेत कधी आलं होतं?"

हे सगळं अंधारात चाललेलं. मी दार पूर्ण उघडलं तेव्हा घरातला उजेड पडला. काकांनी शिडीला हात लावला होता. मामंजी बघत होते, हटकत नव्हते. मग मामंजींनीही लावला. दोघे असे उभे. काका म्हणाले, "ती खोकी सोडवायला ये उद्या. मला एकट्याला वाकवत नाही." मामंजी म्हणाले, "भरताना विचारलं होतंस?"

एवढ्यावर मिटलं. मग बल्ब आणायचं निघालं. काकांकडे एक होता, इतकी वर्षं जपून ठेवलेला. काका चढणार म्हणाले, मामंजी म्हणाले तुला चक्कर येते, काका म्हणाले ती तुझ्यामुळे यायची. शेवटी काका चढले, मामंजींनी खाली धरली, मी फोनचा टॉर्च लावला. खालची दुसरी पायरी सोडून काकांनी पाय टाकला, मामंजी खालून "हां, हां, गाढवा, डावीकडे" करत होते. वर जाऊन काका म्हणाले, "हा बसत नाही. मोठा आहे."

"फिरव."

"फिरवतोय. नाही बसत."

"वर्षानुवर्षं जपलेला बल्ब, आणि चुकीचा."

"तू आणला होतास. तूच आणला होतास तेव्हा, म्हणून तर मी शिडी काढली."

मामंजी आठवायला लागले. त्यांना आठवलं असावं, कारण नुसतं म्हणाले, "उतर." काका उतरले. आता दुकान बंद व्हायच्या आत दुसरा आणायला हवा, आणि एकट्याला धाडलं तर परत चुकीचा आणील म्हणून दोघेही निघाले. जाता जाता जिन्यात मामंजींनी फोन काढून जुनं काहीतरी दाखवलं. पेटीने शिव्या परत लावायचं थांबवलं होतं ना, आता त्यांना त्यांचंच लिहिलेलं गोड दिसत होतं. म्हणाले, "बघ. 'भोळ्या भावा.' मी तुला कधी वाईट बोललोच नाही. सगळं लिहिलेलं आहे इथे." काका म्हणाले, "मीही तेच बघतोय माझ्याकडे. माणूस म्हणून मी बराच बरा निघालो की." मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

खालच्या वळणावरून मामंजी ओरडले, "सूनबाई, शिडी सोडू नकोस, तिथे फरशी गुळगुळीत आहे." त्याच वेळी काकाही ओरडले, "धरून ठेव गं, आलोच."

खिळा लॅपटॉप घेऊन निघून गेली. मी शिडी धरून उभी राहिले. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. जिन्यातून दोघांचा आवाज खाली खाली जात होता, नालायका, थेरड्या, जपून, कठडा धर. मी मान वर केली. डोक्यावर शिडी होती.